दोन्ही बाजूंनी दर्शनी

३ फेब्रुवारी, सोमवार

चाळीस वर्षांपूर्वीची एक दुपार आज दिवसभर डोळ्यांपुढे आहे. आमच्या लग्नाला वर्ष झालं होतं. ह्यांनी कंत्राटदार म्हणून पहिलं स्वतंत्र काम घेतलं होतं आणि मी डबा घेऊन तिथे गेले होते. सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांवर बसून आम्ही थर्मासच्या एकाच झाकणातून आळीपाळीने चहा प्यालो. समोर कमरेएवढी भिंत उभी होती.

"कशी वाटते?" ह्यांनी विचारलं.

"छान आहे."

"तुला काय, सगळ्याच भिंती छान!"

मीही हसले. तेवढ्यात डोक्यावर विटा घेतलेली एक बाई आमच्या पुढून गेली आणि न थांबता म्हणाली, "वरून तिसरा थर कललाय, साहेब." ह्यांनी बुडबुड्याची पातळी लावून पाहिली, तर खरंच कललेला. मिस्त्रीला हाक गेली, थर निघाला, पुन्हा बसला. त्या बाईला डोक्यावरच्या ओझ्याखालून ते दिसलं कसं, हे आमच्यापैकी कोणीच विचारलं नाही. झाकण पुसून मी घरी आले.

हे आठवायचं कारण म्हणजे कचेरीतून आलेलं एक पत्रक. बांधकाम प्रशिक्षण कचेरी आता शिकाऊ मिस्त्री नोंदवून घेणार आहे. तीन वर्षांचं शिक्षण, प्रत्येकाची स्वतःची पुस्तिका, शेवटी परीक्षा. खाली बारीक अक्षरांत "स्त्री किंवा पुरुष" असं छापलंय. मी ते तीनदा वाचलं.

ही दैनंदिनी मी मराठीत लिहिते. शाळेतल्या सिस्टर रागावल्या असत्या. पण इंग्रजीत लिहायला बसलं की मी आपोआप शहाणी मुलगी होते, आणि मग खरं काही लिहून होत नाही.

४ फेब्रुवारी, मंगळवार

जेवताना मुलापुढे विषय काढला. हे गेल्यापासून कंपनी तोच चालवतो. मी सकाळी ऑफिसात बसून हजेरी आणि पत्रं बघते.

"आई, ह्या बायका वीस-वीस वर्षं विटा वाहतायत. आता ह्या वयात शिकाऊ?"

"वीस वर्षं वाहतायत म्हणूनच."

"आणि शिकवणार कोण? मिस्त्रीकाका? ते पोरांना उभं करत नाहीत जवळ."

सून ताटाकडे बघत म्हणाली, "विचारून तर बघा." तो तिच्याकडे असा बघत राहिला की जणू भांड्यांच्या कपाटातून आवाज आला.

शेवटी कबूल झाला, पण अट घालून. कचेरीचा नियमच आहे की पाच आठवड्यांनी एक भिंत बांधून दाखवायची, वीस फूट लांब, छातीएवढी उंच, कोणाचा हात न लागता. पास झाली तर नावं नोंदवतात. नापास झाली तर त्या कंपनीला दोन वर्षं अर्ज करता येत नाही. "आणि नापास झाल्या," मुलगा म्हणाला, "तर परत डोक्यावर घमेली, आणि तू हा विषय पुन्हा काढायचा नाहीस. कबूल?"

मी कबूल म्हणाले. 

५ फेब्रुवारी, बुधवार

मिस्त्री ह्यांच्याबरोबर तीस वर्षं होते. मला वहिनी म्हणतात. ते सरळ नाही म्हणतील असं धरून मी सहा मुद्दे लिहून नेले होते. एकाचीही गरज पडली नाही. त्यांनी पत्रक हातात घेतलं, लांब धरलं, जवळ धरलं, म्हणाले, "चष्मा घरी राहिला. तुम्हीच वाचा." मी वाचलं.

"शिकवतो," ते म्हणाले. "पण तिघीच. आणि मला हव्या त्या."

इतक्या पटकन? मला जरा संशयच आला.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

त्यांनी निवडलेल्या तिघी अशा. दोघी सख्ख्या जावा, थोरली आणि धाकटी, एकाच घरातून एकाच डब्यात दोघींचं जेवण घेऊन येतात. थोरली चाळिशीची, बोलणं मोजकं. धाकटी पंचविशीची, थोरलीकडे बघून मगच हसते. तिसरीला सगळे रेडिओ म्हणतात. नवरा नाही, मुलगी नर्सिंग शिकते, आणि तोंड सकाळी सुरू होतं ते संध्याकाळी हजेरीची सही झाल्यावरच थांबतं.

मी विचारलं, "ह्याच का?"

मिस्त्री म्हणाले, "थोरलीचे डोळे चांगले आहेत."

आता डोळे तर सगळ्यांचेच चांगले असतात.

११ फेब्रुवारी, मंगळवार

पहिला आठवडा ऑफिसच्या अंगणात सरावाची भिंत. मिस्त्रींनी ती आज तिसऱ्यांदा पाडली. लाथेने नाही, हाताने, वीट-वीट काढून. धाकटीच्या डोळ्यांत पाणी आलं. मला फार राग आला. पोरांची कामं मी पाहिली आहेत. वेडंवाकडं असलं तरी "गिलाव्यात जाईल" म्हणून सोडून देतात. मग ह्या तिघींवरच हा अन्याय का?

मी तसं विचारलंही. ते म्हणाले, "वहिनी, पोरांचं कोणी बघत नाही. ह्यांचं सगळं जग बघायला येणार आहे."

हे काही उत्तर झालं नाही. आमच्या शाळेतही एक अशाच सिस्टर होत्या. भरतकाम दाखवायला नेलं की सरळ बाजू बघायच्याच नाहीत, कापड उलटं करायच्या. मागे गाठी दिसल्या की कात्रीने सगळं उसवायच्या. मी त्यांचा किती द्वेष केला! आजही माझ्या रुमालांना मागे गाठ नसते.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

बांधकामावरची पुरुषमंडळी चेष्टा करतात. आज एकाने हाक मारली, "काय मिस्त्रीणबाई, माल पातळ झाला का?"

रेडिओ थापी घेऊन वळली. "मिस्त्रीण म्हणजे मिस्त्रीची बायको रे. मला मिस्त्री व्हायचंय, मिस्त्री करायचा नाहीये. तुझ्यासारखा तर मुळीच नाही."

थोरली पहिल्यांदा मोठ्याने हसली. तिचा एक दात पडलेला आहे, हे मला आज कळलं. ती अकरा वर्षं आमच्याकडे कामाला आहे.

१९ फेब्रुवारी, बुधवार

धाकटी दोन दिवस आली नाही. नवऱ्याने घरी बसवलंय. विटा वाहायला त्याची हरकत नाही, पण लोक तिला मिस्त्रीणबाई म्हणतात हे त्याला चालत नाही.

मी थोरलीला म्हटलं, "मी येऊन बोलू का?"

"नको बाई. तुम्ही आलात की तो खुर्ची देईल, चहा देईल, हो म्हणेल आणि काही करणार नाही. माझा दीर आहे, मी बघते."

मी बरं म्हणाले, पण दिवसभर मन लागलं नाही. कोणाच्या घरात मी काडी टाकली का? हे असते तर काय म्हणाले असते? बहुधा हसले असते. पण कशावर, ते आता मला नीट आठवेनासं झालंय.

२० फेब्रुवारी, गुरुवार

धाकटी आली! थोरलीने सांगितलं, तिनेच काल रात्री दिरापुढे थापी ठेवली. "म्हटलं, भावजी, हिने नको तर तुम्ही या. वीस फूट भिंत आहे. सरळ आली तर हिला उद्यापासून घरी बसवा."

"मग?"

"मग काय, जेवले आणि झोपले."

२७ फेब्रुवारी, गुरुवार

खरी भिंत सोमवारपासून सुरू होईल. वाचनालयाच्या अंगणाची आहे. एका अंगाला रस्ता, दुसऱ्या अंगाला झाडाखाली बाकं. रस्त्याची बाजू उघड्या विटांची राहणार, आतल्या बाजूला गिलावा. नऊ इंची भिंत, म्हणजे एका विटेच्या लांबीएवढी जाड. मिस्त्रींनी मला समजावून सांगितलं: विटा सगळ्या सारख्या लांब नसतात. त्यामुळे जिकडे दोरी बांधाल ती बाजू सपाट येते, तीच दर्शनी. पलीकडची बाजू विटेला जशी हवी तशी पुढेमागे होते. दोन्ही बाजू कधी सपाट येत नाहीत. "माणसासारखंच," ते म्हणाले, आणि पातळी थोरलीकडे देऊन विचारलं, "बुडबुडा कुठे आहे, सांग."

ती म्हणाली, "मधोमध."

"नक्की?"

दिवसातून दहा वेळा तिला हेच विचारतात. शिक्षक असावा तर असा. स्वतः बघतसुद्धा नाहीत, तिच्याकडूनच वदवून घेतात.

६ मार्च, गुरुवार

सगळं संपलं असं वाटतंय. 

भिंत काल पूर्ण झाली. मिस्त्री आत, झाडाखाली उभे होते. त्यांनी संबंध भिंतीवरून तळहात फिरवला, या टोकापासून त्या टोकापर्यंत, आणि म्हणाले, "गालासारखी आहे." रेडिओची बोलती बंद झाली, इतकी ती सुखावली.

आज मी गुडघ्याच्या डॉक्टरांकडून येताना पहिल्यांदाच रस्त्याच्या बाजूने आले. आणि तिथेच उभी राहिले. विटा कुठे पुढे, कुठे मागे, सिमेंटच्या मालाचे ओघळ, गाठीच गाठी. कापडाची उलटी बाजू. भिंत सरळ होती, ओळंब्यात होती, पक्की होती. फक्त तिचं तोंड आतल्या बाजूला होतं.

तिघींना बाहेर बोलावलं.  मग धाकटी पुटपुटली, "आम्ही नेहमी इकडूनच बघतो ना."

मला कळायला वेळ लागला. विटा वाहणारी बाई मिस्त्रीच्या बाजूला कधी उभी राहत नाही. ती पलीकडून विटा देते, रस्त्याच्या, मालाच्या ढिगाच्या बाजूने. तिच्या आयुष्यात भिंतीची चांगली बाजू नेहमी पलीकडे असते. ह्या बायकांनी दोरी बांधताना ती पलीकडेच बांधली. तिघींनीही. एकीलाही वेगळं वाटलं नाही.

मिस्त्री रस्त्यावर आले, भिंतीवरून हात फिरवला. "चूक माझी," ते म्हणाले. त्यांची कशी? ते तर आत उभे होते.

तपासनीस पुढच्या शुक्रवारी येणार आहेत.

७ मार्च, शुक्रवार

मुलगा सकाळीच आला. मला वाटलं होतं, जिंकल्यासारखं बोलेल. पण तो म्हणाला, "बाहेरून गिलावा मारू. कोणाला कळणार आहे?"

"सगळ्यांना," थोरली म्हणाली. मालकाशी ती पहिल्यांदा बोलली असेल.

मिस्त्री म्हणाले, "माल अजून कच्चा आहे. आजच उतरवली तर विटा वाचतील. दोरी बाहेरून बांधून सहा दिवसांत होईल."

"उतरवू," थोरली म्हणाली. "पण दोरी दोन्हीकडून बांधू."

"अगं, सांगितलं ना," मिस्त्री म्हणाले, "दोन्ही तोंडं येत नाहीत! विटा सारख्या नसतात."

"सारख्या घेतल्या तर?"

"हजारभर विटा मोजत बसणार तू?"

थोरलीने डोळे मिटले आणि ढिगातून दोन हातांत दोन विटा उचलल्या. "ही लांब. ही आखूड." त्या ठेवल्या, पुढच्या उचलल्या. "ही आखूड. ही बरोबर." अशा वीस. मिस्त्री पट्टीने मोजत गेले, मुलगा टिपत गेला. एकोणीस बरोबर आल्या. विसावीला मिस्त्री म्हणाले, "इथे फसलीस."

"पट्टी उलटी धरलीय, मिस्त्री," रेडिओ म्हणाली.

वीसही बरोबर होत्या. आमचा मुलगा पट्टी हातात घेऊन लहानपणी उभा राहायचा तसा उभा राहिला, तोंड उघडं टाकून.

"हे तुम्हाला कसं कळतं?" त्याने विचारलं.

चाळीस वर्षांनी आमच्या घरातल्या कोणीतरी हे विचारलं.

"डोक्यावर आठ असतात, साहेब," धाकटी म्हणाली. "एक जरी लांब असली तरी मानेला कळतं."

१० मार्च, सोमवार

भिंतीच्या जाडीत आडव्या जाणाऱ्या विटा तेवढ्या सारख्या लांब हव्यात, बाकीच्यांचं चालतं. त्या निवडायलाच दीड दिवस गेला. तिघी ढिगाभोवती बसल्या होत्या, जणू धान्य निवडतायत, आणि रेडिओ अखंड चालू. इतर आठ बायका जेवणाच्या सुट्टीत येऊन निवडायला लागल्या. बांधायला कोणाचा हात लागायचा नाही हा नियम आहे. निवडायला आहे का? मी कचेरीला फोन करून विचारलं. पलीकडचा माणूस म्हणाला, "बाई, विटा निवडतात हेच मी पहिल्यांदा ऐकतोय. नियम नाही."

१३ मार्च, गुरुवार

शेवटचे चार थर राहिले होते. विटा नुसत्या द्यायला नियम आड येत नाही, पण माणूस कमी. दुपारी धाकटीचा नवरा आला. कोणी बोलावलं नव्हतं. थोडा वेळ रस्त्यावर उभा राहून बघत राहिला, मग शर्टाच्या बाह्या वर करून विटा द्यायला लागला. बायकोला. पलीकडून.

"एकेक दे," धाकटी म्हणाली, त्याच्याकडे न बघता. "आणि आखूड बाजूला ठेव."

"आखूड कुठली ते मला कसं कळणार?"

"कळेल. अकरा वर्षांनी," थोरली म्हणाली.

मी ऑफिसात येऊन दार लावलं आणि हसत हसत रडले. साठ ओलांडलेल्या बाईला शोभत नाही, पण इथे कोण बघतंय?

१४ मार्च, शुक्रवार

सगळं जसं झालं तसं लिहिते, उद्या विसरायला नको.

तपासनीस बारीक अंगाचे, पिशवीत ओळंबा, काटकोन बघायचा गुण्या आणि छत्री. रस्त्याच्या बाजूने आले. ओळंबा लावला, पातळी लावली, कोपऱ्यात गुण्या धरला. वहीत काही लिहिलं नाही. मग विचारलं, "दर्शनी बाजू कुठली?"

"तुम्ही उभे आहात ती," रेडिओ म्हणाली.

ते वळसा घालून आत झाडाखाली गेले. पुन्हा ओळंबा, पुन्हा पातळी. बराच वेळ. मग तिथून आवाज आला, "आणि ही?"

"आता तीच दर्शनी, साहेब. तुम्ही जिकडे जाल ती."

ते पुन्हा बाहेर आले. पुन्हा आत गेले. तिसऱ्यांदा बाहेर आले तेव्हा त्यांनी टोपी काढली होती. मिस्त्रींना म्हणाले, "तुमचा हात लागला का?"

"एका विटेलाही नाही. बुडबुडासुद्धा मी पाहिला नाही. ही सांगते, मी ऐकतो."

काय नम्र माणूस!

"कोणत्या पद्धतीने केलंत?" त्यांनी थोरलीला विचारलं.  तिने दोन विटा उचलून त्यांच्या दोन हातांत दिल्या. ते त्या विटा हातात धरून उभे राहिले, जड झाल्या तरी. मग त्यांनी विटा खाली ठेवल्या आणि वही उघडली.

पास! तिघीही! शेऱ्यात लिहिलंय: "नऊ इंची भिंत, दोन्ही बाजूंनी दर्शनी. यापूर्वी पाहिलेली नाही."

अर्जात पदाचं नाव लिहायचं होतं. ते पेन थांबवून म्हणाले, "मिस्त्रीण लिहू का?" तिघी एकदम "नाही" म्हणाल्या, इतक्या जोरात की वाचनालयातले दोघे वाचक खिडकीत आले. "शिकाऊ मिस्त्री" असं लिहिलं गेलं. मग थोरली माझ्याजवळ आली. मला वाटलं, पाया पडते की काय, म्हणून मी मागे सरले. तिने माझा हात घेतला आणि भिंतीवर ठेवला. आधी बाहेरून, मग आत नेऊन आतून. मला कुठेही गाठ लागली नाही.

संध्याकाळी मुलगा म्हणाला, "आई, आपल्याकडे आणखी आठ जणी आहेत."

मी म्हटलं, "मोजता येतं तुला."

२० मार्च, गुरुवार

उद्या गुडघ्याची शस्त्रक्रिया. तीन-चार आठवडे ऑफिसात येता येणार नाही, आणि पुस्तिका सोमवारी येतील. सुनेला मुद्दाम इथेच लिहून ठेवते. ही पानं तू वाचलीस तरी चालेल. मागची वाचलीस तरी चालेल.

थोरलीची पुस्तिका थोरलीच्या हातात द्यावी, घरच्या पत्त्यावर पाठवू नये. धाकटीचीही तशीच, नवरा घ्यायला आला तर त्याला बसायला सांगून तिला बोलवावं. रेडिओला पुस्तिका देताना अर्धा तास मोकळा ठेवावा.

मिस्त्रींना प्रशिक्षक म्हणून नेमल्याचं पत्र द्यावं, आणि ते त्यांना मोठ्याने वाचून दाखवावं, चारचौघांत. तिसऱ्या मजल्याच्या कामावरून त्यांना काढून अंगणातच शिकवायला ठेवावं. त्यांनी मागितलेलं नाही, थोरलीने मागितलंय; बुडबुडा नेहमी तीच का बघायची, ते मला आता कळलं.

माझं टेबल आणि हजेरीचं काम तुला. तू पहिल्या दिवशी ताटाकडे बघत जे बोललीस, त्यावरच हे सगळं चालू झालं, आणि मी तुला ते एकदाही सांगितलं नाही.

नवे अर्ज डाव्या खणात आहेत. आपल्या आठ जणींना आठ आधी द्यावेत. त्यानंतर, आजच कळलं, पलीकडच्या कंत्राटदाराकडच्या पाच जणी विचारायला येऊन गेल्या, फाटकाशी उभ्या राहून. त्या परत येतील. त्यांना आत घ्यावं, खुर्ची द्यावी, पाणी द्यावं, मग अर्ज द्यावा. पाच जणींना पाच. आणि देताना "जमेल का?" असं कोणी विचारू नये.